ट्रकमधून माझंच नाव आलं

भुताखेतांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. आमच्या वाशीमकडच्या गावात मसणवटीला लागून वावर होतं, तिथं मी एकटा जागलीला जायचो. कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळा समजू नये. शाळा सातवीत सुटली, लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. वसई पूर्वेला वालीवमध्ये काचेच्या बाटल्या खोक्यांत भरून पाठवणारा एक लहान कारखाना होता, तिथं मी लोडिंगला होतो. ओळखीचं कुणी नाही, खिशात दाखवायला कागद नाही. फोरमन नाथाकाकांनी मला ठेवून घेतलं. कामणला आपल्या घराच्या ओटीवर दोन महिने झोपू दिलं, काकी मला भाताबरोबर माशाचं कालवण वाढायची. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण मनात सतत धाकधूक... काही चुकलं आणि उद्या ‘जा’ म्हणाले तर?

कामाची जागा नीट सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. एका लाकडी पॅलेटवर खोक्यांचे सात थर, म्हणजे डोक्याच्या वर. ते ट्रॉलीवर घेऊन, माल चढवायच्या ओट्यावरून ट्रकमध्ये टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर ढकलायचं. पत्र्याला उतार. मागून ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. ट्रक तिन्ही बाजूंनी बंद, त्यामुळे आत कुणी असेल आणि माल कलंडला, तर त्याला पळायला जागा नाही. दोन पावसाळ्यांआधी एक जण असाच गेला होता.

म्हणून नाथाकाकांचा नियम होता. ते मूळचे मिठागरातले, तिकडं होडीत गोण्या टाकताना तसं करायचे. माल पत्र्यावर घेण्याआधी ओरडायचं — “खाली कोन?” आत कुणी असेल त्याने नाव सांगायचं आणि वर येऊन तोंड दाखवायचं. तोवर माल हलवायचा नाही.

माझं उत्तर, ‘मी आहो, गजानन’, म्हणजे सगळ्यांची करमणूक. आमच्याकडं ‘मी आहे’ला ‘मी आहो’ म्हणतात. साताऱ्याचा प्रकाश माझ्याबरोबर ट्रॉलीला असायचा, तो बायकी आवाज काढायचा, “अहो, चहा घेताय ना?”

दुसरी माझी खोड वाईट होती. गावाकडं कडब्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, कलली की सगळे धावून खांदा लावतात. मी इथंही एकदा तेच केलं. काकांनी कॉलर धरून मागं ओढलं आणि एक ठेवून दिली. “मालाला खांदा द्यायचा नाय! खांदा मेल्यावर देतात. पडतंय ते पडू दे.”

तो दिवस श्रावणातला. जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. छत गळून खालचे खोके ओले झाले होते, ते मला दिसलं होतं. पण सुपरवायझर डोक्यावर बसला होता — गाडी सोडा, गाडी सोडा. बोललो तर कामचुकार ठरेन, म्हणून गप्प राहिलो. मनात ठरवलं, माल पत्र्यावर आला की बाजूने आत शिरून खांदा लावायचा. हे मी प्रकाशलाही बोललो नव्हतो. कुणालाच नाही.

ट्रॉली पत्र्याच्या तोंडाशी आणली. मी ओरडलो, “खाली कोन?”

ट्रकमधून आवाज आला — “मी आहो. गजानन.”

प्रकाश फिस्सकन हसला. “अहो खाली गेले वाटतं!” मग त्याने शेजारी पाहिलं. मी तिथंच होतो, हात दांड्यावर. त्याचं हसू गेलं.

“काय तमाशा लावलाय? ढकला!” सुपरवायझर खेकसला.

नाथाकाका पलीकडून आले. “नाव आलं का?”

“आलं,” प्रकाश म्हणाला.

“कोनाचं?”

प्रकाशने माझ्याकडं बोट केलं.

काकांनी मला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. “मग माल हलनार नाय. वरचे थर हातानं—”

तेवढ्यात खालचा खोका बसला. सातही थर पुढं झुकले. मी पुढं झेपावलो, खरंच झेपावलो, पण प्रकाशने सदरा घट्ट धरला होता. सगळा ढीग ट्रकमध्ये कोसळला. काचेचा तो आवाज...

काका म्हणाले, “उपसा.”

“काका, मी तर इथं आहो ना...”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “नाव आलंय. एकेक खोका उचल.”

आणि आम्ही उपसला. मी पण. काचेने हात चिरत होते, रक्त येत होतं, पण भीती काचेची नव्हती. दर खोक्याखाली आता काय दिसेल — माझा सदरा? माझी चप्पल? शेवटचे तीन खोके मला उचलवेनात. ते काकांनी काढले. खाली लाकडी फळ्या, काच आणि पाणी. बस्स.

आवाज प्रकाशने ऐकला, सुपरवायझरनेही ऐकल्याचं नंतर कबूल केलं. कुणी माझी नक्कल केली म्हणावं, तर बाहेर यायला वाट नव्हती. भास म्हणावा, तर तिघांना एकच भास कसा? पुढं काकांना एकदा विचारलं. ते म्हणाले, “तू जिता हायस ना? मग जेव.” याहून जास्त मला आजवर काही कळलेलं नाही.

त्या रविवारी आईला पोस्टकार्ड लिहायला बसलो. सुरुवात नेहमीचीच — ‘मी येथे सुखरूप आहे.’ ‘मी’ लिहिलं आणि हात थांबला. पुढचं लिहिणं खोटं बोलल्यासारखं वाटायला लागलं. शेवटी कार्ड प्रकाशकडं दिलं... म्हटलं, एवढं वाक्य तू लिही.