शीळ घालणारे दोन काळे पक्षी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं धानोऱ्याहून सातपुड्यात लाकूडतोडीला गेलो. चैत्र संपता संपता यांना ताप भरला. मुकादम म्हणाला, घरी जा. निघालो, पण तिसऱ्या टेकडीनंतर वाट चुकलो. दुपारी वाळक्या भोपळ्यात भरून आणलेलं पाणी संपलं आणि एका अंजनाच्या बुंध्याशी हे कोसळले.

"माले सोडीसन जाऊ नको."

"तुम्ही आठेच पडा. पानी लई येसू," म्हणत मी हात सोडवून घेतला आणि पाणी शोधायला निघाले.

थोडी चालले तोच वरून शीळ आली. माणसानं घालावी तशी, मध्येच सूर विसरल्यासारखी. कामावरच्या पावरा जमातीच्या बाईनं सांगितलं होतं, अशी शीळ कस्तुर पक्ष्याची. तो किडे, खेकडे खातो, ओढा सोडून राहत नाही. मी धावत चढ चढले. वाळक्या फांदीवर काळा पक्षी होता. एक किडा टिपायला त्यानं झेप घेतली आणि मागे दोन लांब तारा लहरल्या, टोकाला पिसांचे झुबके. भृंगराज! तो साऱ्यांची नक्कल करतो, हेही तिनंच सांगितलं होतं.

मी मटकन खाली बसले. त्याला शिव्या घातल्या. रडायला आलं, पण डोळे कोरडेच. यानं ही शीळ इथंच कुणाची तरी ऐकली असणार, असं मनाला बजावत कान देऊन राहिले. किती वेळ, कळलं नाही.

मग तीच शीळ खालच्या घळीतून आली. घसरत, खरचटत उतरले. दगडावर निळसर काळा पक्षी, कपाळावर निळी झळाळी, शेपटी साधी. ओली पानं उलटून किडे शोधत होता. शेजारी वीतभर पाणी, आणि करवंटीनं ते मडक्यात भरणारी पाड्यावरची एक बाई. मी नुसतं वर बोट दाखवलं. ती मडकं घेऊन माझ्यामागे निघाली.

अंजनाखाली हे नव्हते. मी किंचाळले. पंधरा-वीस पावलांवर, उन्हात, पालथे पडलेले सापडले. माझ्यामागे सरपटत आले होते. आम्ही ओठांवर पाणी सोडलं. बऱ्याच वेळानं यांनी घोट गिळला.

"कोठे गई व्हती तू?" एवढंच विचारलं.

पाड्यावरच्या माणसांनी यांना झोळीत घालून सपाटीवर पोहोचवलं. ताप महिन्यानं उतरला, पण अंगात पहिली ताकद आली नाही. जंगलच्या कामाला नंतर मी एकटीच गेले.