वेग मोजायची वही

आबांना गावी राहू द्यायचं की जळगावला माझ्याकडे आणायचं, हे गेल्या हिवाळ्यात इंटरनेटच्या वेगावर ठरणार होतं. अट मीच घातली होती आणि तीही लेखी.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. हृदयाच्या दुखण्याने ते जळगावच्या दवाखान्यात नऊ दिवस होते, त्यानंतर अकरा दिवस माझ्या फ्लॅटवर. हे अकरा दिवस त्यांनी मोजले होते. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत बसून ते खाली डांबराकडे बघत आणि म्हणत, "आठे माती दिखत नही माय." डॉक्टरांना त्यांनी गावी जाण्याबद्दल रोज विचारलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "जा. पण दर सोमवारी साडेबाराला मला व्हिडिओवर दिसायचं. पायाची सूज, श्वास, चेहरा, हे मला डोळ्यांनी बघायचंय. फोनवर 'बरंय' ऐकून चालणार नाही."

मग मी यादी केली. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे, फ्रिजच्या दारावर एका वेळी तीन तरी असतात. आबांच्या यादीत चार कलमं होती. गोळ्यांचा सात खणांचा डबा. रक्तदाबाचं मशीन. मीठ कमी. चौथं कलम इंटरनेट. महिनाभर नेट नीट चाललं तर आबा गावी राहतील, नाही चाललं तर जळगावला येतील. हा कागद मी त्यांच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

आमचं गाव पारोळ्यापासून आत आहे. आबांच्या घराला लागून माझ्या चुलत भावाचं घर. भाऊ दिवसभर शेतात, म्हणून आबांचं जेवण आणि औषधं वहिनी बघतात. त्यांच्या गोठ्यामागे मोबाइलचा टॉवर आहे. इतक्या जवळ टॉवर असून नेट का अडखळतं, हे मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते आधी मोजायचं हे माझ्या हाडात आहे. मी जळगावात माती आणि पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा चालवते. आमच्याकडे आकड्याशिवाय कोणी काही बोललं तर आम्ही ते ऐकून सोडून देतो.

मी आबांच्या खिडकीत सिमकार्डवर चालणारा वायफायचा डबा बसवला, शेजारी एक टॅब ठेवला, आणि टॅबवर वेग मोजणारं ॲप टाकलं. त्यात सोय होती की आपण सांगू तेवढ्या वेळाने ते आपोआप मोजेल. मी अर्धा तास लावला. निकाल जळगावात माझ्या फोनवर येत आणि मी ते वहीत उतरवत असे. एकाच घराचा पुरावा पुरणार नाही म्हणून गल्लीतल्या सहा घरांनाही सामील केलं. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, अशा तीन वेळा प्रत्येकाने आपल्या मोबाइलवर स्पीड टेस्ट करायची आणि आकडा ग्रुपवर टाकायचा. महिन्याने सगळ्याचा तक्ता जोडून कंपनीला तक्रार करायची, असा बेत.

लोकांना ते भलतंच आवडलं. तीनदा सांगितलं होतं तर काही जण आठ-दहा वेळा करू लागले. गच्चीवर चढून, विहिरीच्या कठड्यावर उभं राहून. पिठाच्या गिरणीवाल्या नानांनी तर रोज संध्याकाळी "आज पहिला नंबर माझा" असं लिहायला सुरुवात केली.

पहिला सोमवार कसाबसा गेला. दुसऱ्या सोमवारी आबांचा चेहरा पडद्यावर अडकला तो सुटेचना. तिसऱ्या सोमवारी चित्र आलंच नाही, नुसता आवाज आला, तोही तुकड्यातुकड्यांनी. डॉक्टरांनी मला फोन केला. "मला पाय दिसले नाहीत, दोन आठवडे झाले. तुम्ही त्यांना इकडे घेऊन या."

वही माझ्यासमोरच होती. सकाळचे आकडे चांगले, दहानंतर घसरण, अकरानंतर जवळजवळ काहीच नाही. रोज हेच. मी लाल शाईने समासात लिहिलं होतं: 'दुपारी टॉवर बसतो.' मी नवी यादी केली: आबांचे कपडे, चष्मे दोन, जुने रिपोर्ट, पानाचा डबा (रिकामा करून). शनिवारी प्रयोगशाळा बंद करून गाडी काढली आणि एरंडोलमार्गे गावी पोचले तेव्हा बारा वाजत आले होते.

आबा ओट्यावर होते. माझ्या हातातली रिकामी बॅग त्यांनी पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली. मी आत जाऊन कपडे भरायला लागले. तेवढ्यात लाइट गेली, आणि गोठ्यामागे टॉवरचा जनरेटर सुरू झाला. वहिनी धावत अंगणात आल्या आणि दोरीवरचे कपडे ओढून काढू लागल्या. वारा आमच्या दिशेने असला की जनरेटरच्या धुराचे काळे कण ओल्या कपड्यांवर बसतात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तीन आठवडे त्याच टॉवरचे आकडे मी वहीत लिहीत होते.

वहिनी मूळच्या धुळ्याच्या, बोलायला तिखट. कपड्यांचा ढीग खांद्यावर घेऊन म्हणाल्या, "ताई, तुमची ती टेस्ट आल्यापासून माझ्या मोबाइलवर साधा पुरणाचा व्हिडिओ चालत नाही. दुपारीच मेसेज येतो, आजचा डेटा संपला. मी दिवसभरात करते काय? तुमचे आकडे पाठवते."

"तीन टेस्टमध्ये काय संपणार?"

"तीन? तुमचे भाऊ त्या नानांना हरवायला माझ्या फोनवरून दहादा करतात."

मी हसले. वहिनी हसल्या नाहीत.

जेवताना आबांनी विचारलं, "तू मोजस म्हंजे करस काय?"

मी जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. फोन कुठल्या तरी लांबच्या मशीनकडून होईल तेवढ्या जोराने माल मागवतो. मग आपल्याकडून तसाच माल तिकडे पाठवतो. किती वेळात किती आला-गेला त्यावरून वेग कळतो.

"आनी मंग ते आनेल, तेनं काय करस?"

"काही नाही. त्या मालात काही नसतंच. टाकून देतो."

"फेकी देस?"

"हो."

आबांनी भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. "आपली इहीर मोजी व्हती, तसंच शे हाई."

मला ती गोष्ट आठवत होती, पण मी ती कधी अशी पाहिली नव्हती. मी शाळेत असताना आबांना विहिरीवर मोठी मोटर बसवायची होती. विहीर किती पाणी देते ते आधी बघू, असं ठरलं. दोन दिवस भाड्याचं इंजिन लावून पाणी उपसलं. रानात एवढं पाणी एकदम घ्यायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून ते नाल्यात सोडलं. दर तासाला पातळी कितीने खाली गेली आणि उपसा थांबल्यावर कितीने वर आली, ते लिहायचं काम माझ्याकडे होतं. कठड्याच्या आतल्या बाजूला मी खडूने खुणा केल्या होत्या. माझी पहिली यादी म्हणायची तर तीच. तक्ता इतका छान झाला की आबांनी तो पाहुण्यांना दाखवला. आणि त्या वर्षी आमच्या गव्हाचं शेवटचं पाणी चुकलं. शेजारच्या शेताची विहीरही आठवडाभर वर आली नाही.

"पानी कितलं शे ते समजनं," आबा म्हणाले. "पन पानी नही ऱ्हायनं. आकडा तूच लिखेल व्हता, खडू लिसन."

मी हात धुतले आणि टॅब घेऊन बसले. डेटा कशात किती गेला, हे दाखवणारं पान त्यात असतं. तीन आठवडे मी ते उघडलं नव्हतं, कारण आबा कुठे काय बघतात, त्यांना डेटा लागतोच किती, असं मी धरून चालले होते. यादीत सर्वांत वर वेग मोजणारं ॲप होतं. त्याच्या खाली बरंच अंतर सोडून डॉक्टरांच्या व्हिडिओचं. बाकी सगळं मिळून चिमूटभर.

मग मी टॅबवरूनच डब्यातल्या सिमचे मेसेज उघडले. डबा खिडकीत असल्याने ते कोणी वाचतच नव्हतं. रोज साडेदहा-अकराच्या सुमाराला एकच मजकूर आलेला: आजचा ठरलेला डेटा संपला आहे, यापुढे वेग कमी राहील.

मध्यरात्री नवा दिवस सुरू व्हायचा, तेव्हापासून दर अर्ध्या तासाने माझं ॲप मोजायला लागायचं. आबा झोपलेले, गाव झोपलेलं, नेट मोकळं, त्यामुळे वेग चांगला, आणि वेग चांगला म्हणून प्रत्येक वेळी जास्त माल ओढला जायचा. उन्हं वर येईपर्यंत सगळा डेटा खलास. सोमवारी साडेबाराला डॉक्टरांसाठी काहीच उरत नसे. टॉवर दुपारी बसत नव्हता. नेट मीच रोज बसवत होते आणि मग लाल शाईने टॉवरवर ठपका ठेवत होते.

लाज वाटली, आणि ती माझ्या धंद्यामुळे जास्त वाटली. शेतकरी माती घेऊन येतो तेव्हा मी त्याला सांगते, शेतात नागमोडी चालत आठ-दहा जागी खड्डे घ्या, सगळी माती एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो राहील तेवढीच आणा. एखादा पोतं भरून आणतो तेव्हा त्याला हसत परत पाठवते. मीच शेत उचलून आणलं होतं, रोज अठ्ठेचाळीस वेळा.

जनरेटर तोपर्यंत चालूच होता. मी गोठ्यामागे जाऊन कुंपणापाशी जरा वेळ उभी राहिले. लाइट गेली की तो आमच्या टेस्ट नसल्या तरी लागणारच. त्याच्या धुरातला आमचा वाटा किती, हे मला सांगता येणार नाही, बहुधा थोडाच. पण तेवढा तर होता ना? त्या टॉवरवरून माल पुढे जातो, लांब कुठेतरी मशीनच्या खोल्या दिवसरात्र थंड ठेवलेल्या असतात, त्यांनाही वीज लागते. भुसावळकडे जाताना औष्णिक केंद्राच्या चिमण्या मी लहानपणापासून पाहते. घरातला पंखा, विहिरीची मोटर, यांच्यासाठी कोळसा जळतो हे मला ठाऊक होतं आणि मान्यही. आपण बोटाने 'सुरू' दाबतो तेव्हाही तिकडे थोडं काही जळतं, हे मात्र कधी डोक्यात आलं नव्हतं. बोलण्यासाठी, बघण्यासाठी जळलं तर त्याला काही अर्थ आहे. हा माल कोणी बघत नाही, वाचत नाही. आणायचा आणि टाकायचा.

लाइट आली, जनरेटर थांबला आणि वहिनी कपडे घेऊन परत वाळत घालायला आल्या. "काय मोजताय आता?"

"काही नाही. बंद केलं."

"रात्रीपण चालू होतं ते?"

"हो."

"अगं बाई. आपण झोपलेले आणि ते एकटंच मोजतंय." त्यांनी एक परकर झटकला. "टॉवर बिघडलाय म्हणून तुम्ही आबांना न्यायला आलात ना?"

अर्धी भरलेली बॅग आत पलंगावर होती.

ग्रुपवर मी लिहिलं की चाचण्या थांबवा, चूक माझी होती, आणि चूक काय होती तेही लिहिलं. कोणी रागावलं नाही. नानांनी मात्र पुढे चार दिवस आकडे टाकले. त्यांना फोन केला तर म्हणाले, "अक्का, तक्रारीचं राहू द्या. पण मी पहिला होतो हे वहीत आहे ना?" ते आहे, म्हटल्यावर थांबले.

मी रविवारी परत गेले नाही. सोमवारी प्रयोगशाळेत सुट्टी कळवली. साडेबाराला टॅब आबांच्या समोर मांडला. त्याआधी एकदा वेग बघून घ्यावा म्हणून माझं बोट त्या ॲपवर गेलंच. आबा बघत होते. मी बोट काढून घेतलं.

चित्र आलं. मधे दोनदा थबकलं, पण आलं. डॉक्टर म्हणाले, "आबा, पाय दाखवा. घोट्यापाशी बोटाने दाबा. सोडा." मी टॅब जमिनीजवळ धरला. बोटाचा खळगा हळूहळू भरून आला. "आहे थोडी सूज. ती उतरवायला सकाळची पाण्याची गोळी आहे ना, ती कोण देतं?"

"मी," वहिनी दारातून म्हणाल्या, "पण मागच्या आठवड्यात दोनदा थुंकली त्यांनी. मी ताईंना सांगणार होते, पण त्या आकड्यांतच होत्या."

आबांनी छताकडे पाहिलं. डॉक्टर हसले, मग रागावले, आणि मग म्हणाले की गोळी नीट घेतली तर इथे राहायला त्यांची हरकत नाही, पुढच्या सोमवारी बघू.

फोन बंद झाल्यावर आबा पलंगाशी गेले. "बठ्ठा कपडा भरी टाका का तू?" त्यांनी बॅगेतून एकेक धोतर काढलं आणि खुंटीवर टाकलं. त्यांना वाकताना दम लागत होता, तो मी मोजला नाही, पण पाहिला. दाराचा कागद मी काढून घेतला. चौथं कलम खोडलं आणि तिथे लिहिलं: सकाळची गोळी वहिनींच्या समोर.

वही अजून आहे. आता तिच्यात आठवड्याला एकच ओळ असते, 'पाय दिसले' किंवा 'दिसले नाहीत'. दिसले नाहीत असं आतापर्यंत तीनदा लिहिलंय. तिन्ही वेळा मी मंगळवारी गाडी काढून गेले आणि घोटा स्वतः दाबून पाहिला.