वाळलेला स्लॅब

पिंपळे सौदागरला आमच्या गॅलरीसमोर टॉवर उभा राहतोय आणि मी जलरंगात त्याचं एक धड चित्र काढू पाहतेय. चार कागद वाया गेले. सोमवारी त्या सांगाड्याला हिरवी जाळी लागणार, असं वॉचमननं सांगितलं. मग समोर नुसता पडदा. म्हणजे हातात तीन दिवस.

सूनबाई म्हणाली, फोटो काढून ठेवा आणि निवांत रंगवा. तिचं बरोबर होतं, म्हणूनच ऐकलं नाही.

खरं तर इमारत रंगवत बसायची ही शिक्षा मला फार पूर्वीच व्हायला हवी होती. पंचविशीत मी कासारवाडीहून सायकलनं इकडे ज्वारीची शेतं रंगवायला यायचे. डोक्याला रुमाल, चेहऱ्यावर कलावंताचा भाव, बोटांवरचा रंग मुद्दाम न धुतलेला, चार लोकांना दिसावा म्हणून. शेतापलीकडे पहिलीवहिली इमारत चढत होती. बाईसाहेबांना ती कुरूप वाटली. त्यांनी तिच्या जागी आंब्याचं झाड काढलं. आंबा तिथे औषधालाही नव्हता. आज त्या पोरीला कान धरून गॅलरीत बसवावंसं वाटतं.

पाचवा कागद घेऊन मी थेट साइटच्या गेटाशीच स्टूल टाकलं. सिमेंटचा करडा रंग निगुतीनं कालवला. एक थर द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा, हेच आयुष्यभर शिकले. तेवढ्यात एक डंपर गेला आणि माझ्या ओल्या आभाळावर खरीखुरी धूळ बसली.

जेवणाच्या सुट्टीत, स्लॅबवर पाणी मारणारी बाई डबा घेऊन खाली आली. लातूरकडची. वाकून चित्र बघत राहिली. मला वाटलं, आता कौतुक. वय झालं तरी ती हाव सुटत नाही.

"आजी, तुमी तर स्लॅब वाळवून टाकला की," ती म्हणाली. "असा वाळला तर चिरा पडतेत. मुकादम माझ्यावर वरडंल."

"अगं, चित्र आहे ते."

"मग चित्रात मी सुट्टीवर हाय का?"

मी मान वर केली. स्लॅबच्या कडेनं थेंब गळत होते, खांबांना भिजलेली गोणपाटं गुंडाळलेली. गॅलरीतून मला त्या स्लॅबवर साचवलेलं पाणी रोज चमकताना दिसायचं आणि मी ते ऊन समजून कागद कोरा सोडत होते.

पुढचे दोन दिवस मी कागद वाळूच दिला नाही. खांब एकमेकांत मिसळले, क्रेन वितळली. रागानं दोन कागद फाडले. रविवारी संध्याकाळी एक जमल्यासारखा वाटला. इमारत प्यायल्यासारखी डुलत होती, पण स्लॅब काळपट, ओलागच्च. पाइप धरलेल्या बाईचा एक डाग.

सोमवारी तो त्या पाणी मारणाऱ्या बाईला दाखवायला खाली गेले. जाळी अर्ध्यावर चढली होती. मुकादम म्हणाला, तिला चाकणच्या साइटवर पाठवलं. माझ्या हातातल्या कागदाकडे त्यानं पाहिलंही नाही.

घरी आल्यावर सूनबाई म्हणाली, छान आलंय. तिला स्लॅबमधलं काय कळतंय.