देवाजी कुणाला हसला होता

भंडाऱ्याहून पवनीची एसटी हलली आणि सवयीनं माझ्या डोक्यात निवेदन सुरू झालं : 'पहाटेचं धुकं दूर सारत ही बस निघाली आहे एका वेगळ्या जगाकडे...' प्रत्यक्षात सकाळचे साडेदहा वाजले होते, ऊन चटकत होतं आणि वेगळ्या जगाकडे निघालेले बरेचसे लोक तहसील कचेरीत सातबारा काढायला चालले होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवर पिशवीत एक जिवंत कोंबडी होती. माहितीपट करायचा असता तर मी ती कोंबडी नक्की दाखवली असती आणि सातबारा गाळला असता.

माहितीपट करण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. त्या धंद्याचे काही रिवाज असतात. सुरुवात सूर्योदयानं करायची, मागे बासरी लावायची. तज्ज्ञाच्या पाठीमागे पुस्तकांचं कपाट लागतं, ती त्यानं वाचलेली नसली तरी चालतात. म्हाताऱ्या माणसानं बोलणं संपलं की दूर कुठेतरी बघायचं. आणि गावात कुणी दुःखी दाखवला, तर कुणी निर्दयही दाखवावा लागतो, नाहीतर प्रेक्षक चहा करायला उठतो. या शेवटच्या रिवाजापायी मी शहात्तराव्या वर्षी पुण्याहून इकडे आलो होतो.

आसगावच्या पुढे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण एकदा पडद्यावर लिहिलं होतं ते पुरे झालं. तिथे एक जुना तलाव आहे. पाऊस लांबला की त्याचं पाणी कुणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) आधी सोडायचं, हे गावानं निवडलेला एक माणूस ठरवतो. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिथे माहितीपट केला, तेव्हा तो माणूस होता देवाजी. आमच्या माहितीपटात पार्वताबाई नावाची एक बाई वाळत्या धानासाठी डोळे पुसते, आणि लगेच पुढच्या दृश्यात देवाजी खदखदून हसतो. त्यावर माझा खर्जातला आवाज : 'काहींना मात्र याचं सुखदुःख नव्हतं.'

खरी गोष्ट अशी की पार्वताबाईंच्या डोळ्यांत चुलीचा धूर गेला होता. देवाजी हसला तो दोन दिवसांनी, तलावाच्या पाळीवर (बांधावर) आमचा कॅमेरामन चिखलात घसरून पडला तेव्हा. मी दोन्ही तुकडे कापले आणि एकमेकांना जोडले. त्या माहितीपटाला करंडक मिळाला. सध्या त्यात आमच्याकडे कढीपत्ता लावलेला आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी तो माहितीपट यूट्यूबवर टाकला. त्याखाली एका बाईनं लिहिलं होतं : 'हे माझे मामाजी (सासरे) आहेत. हा पिक्चर पाहून गावानं त्यांना पाणी वाटायच्या कामातून काढलं. बनवणारे जिवंत असतील तर त्यांनी सांगावं हे खरं आहे का.' उत्तर द्यायला मला अकरा दिवस लागले. मग तिनं कळवलं : यंदा पाऊस थांबला आहे, सोमवारी माणूस निवडायला पाळीवर सभा आहे, मामाजींचं वय झालं आहे, यायचं तर आताच या.

पवनीच्या बसस्थानकाबाहेर मी चण्याच्या रश्श्यातले पोहे खाल्ले. इतके तिखट होते की दुकानदारानं न विचारता दुसरा ग्लास पाणी आणून ठेवलं. तिथून आसगाव. फाट्यावर स्कूटी घेऊन रंजना, म्हणजे ती सून, उभी होती. चाळिशीची, डोक्याला ओढणी, हातात काठीला बांधलेला मोबाइल. ती गावाच्या बातम्यांचा चॅनेल चालवते, हे तिनं कळवलं नव्हतं.

"काकाजी, परत एकदा उतरा."

"एसटी तर गेली."

"मंग त्या दगडावरून उतरा. पण हळू. अन् मंधात थांबून गावाकडे पाहा."

मी दगडावरून तीनदा उतरलो. तिसऱ्या वेळी घोटा मुरगळला. "हे मस्त आलं, लंगडून राहिले म्हनून," ती म्हणाली. आयुष्यभर लोकांना मी हेच करायला लावलं होतं. घोट्याची तक्रार केली नाही.

दोन्ही बाजूंना धान पोटरीत (लोंबी बाहेर पडायच्या बेतात) आलेलं होतं, पण जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या. आठ दिवसांत पाणी मिळालं नाही तर लोंबीत दाणा भरणार नाही, असं रंजनानं सांगितलं. पाणी वाटणाऱ्यावर गावाचा भरवसा का लागतो, ते मला तिच्या स्कूटीवर मागे बसून कळलं. माहितीपट करताना कळलं नव्हतं.

देवाजी ओसरीवर बसले होते. उंच, वाळलेले, चेहरा दगडासारखा. रंजनानं पानं वाढली : भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, तलावातल्या झिंग्यांची (बारीक कोळंबीची) चटणी. मी खिशातून लिहून आणलेली माफी काढली आणि घसा साफ केला.

"आधी जेवा," देवाजी म्हणाले.

"देवाजीभाऊ, मी तुमचा अपराधी..."

"ते सभेत सांगजा. मले सांगून काय फायदा? मले तर मालूमच आहे."

चार वाजता पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली गाव जमलं. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर सरपंच, गोरा, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा माणूस. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. धूर सांगितला, चिखल सांगितला, जोडाजोड सांगितली. कबुलीजबाब पुरता असावा म्हणून हेही सांगितलं की सुरुवातीला ऐकू येणारा मोर आम्ही दुसरीकडून आणून घातला होता.

सभेत खळबळ माजली. देवाजींमुळे नव्हे.

"म्हंजे तो मोर आपला नोता?" मागून कुणी ओरडलं.

"आमी पाव्हन्यायले सांगतो ना बाप्पा, हा आपल्या तयावरचा मोर म्हनून!"

"मोर कोनत्या गावचा होता, ते सांगा आधी!"

सरपंच पोट धरून हसले. दहा मिनिटं मोरावर गेली. मग सरपंचांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "साहेब, तुमी सांगता ते खरं असंन. पन हे आमी आपल्या डोयानं पायलं. ते रडून राहिली, हा हासून राहिला. डोयानं पायलेलं खोटं कसं म्हनाव?"

"मी कायले रडन?" बायांतून पार्वताबाई उठल्या. नव्वदीच्या घरातल्या, पण आवाज खणखणीत. "धूर होता. चूल पेटून नोती राहिली."

"मंग इतके साल काहून नाई सांगतलं, माय?"

"कोनं इचारलं मले? ज्याले त्याले मी रडलेलीच पाह्यजे होती. साडीचोळी देऊन सत्कार केला माहा. धुराचा करत असतात का सत्कार?"

सरपंच हळूच शेजाऱ्याला म्हणाले, "बुढीले आता आठवत नाई."

जिच्या डोळ्यांत धूर गेला तीच सांगत होती, ज्यानं जोडलं तोच सांगत होता, आणि जिंकत होतं माझं संकलन. माझं काम इतकं पक्कं असेल असं मला वाटलं नव्हतं. लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज वेगळी.

कुणीतरी देवाजींना बोलायला सांगितलं. ते उठले, एकच वाक्य बोलले : "तीस साल झाले, मी या तुडुमाले (पाणी सोडायच्या दगडी मोरीला) हात नाई लावला." आणि बसले.

रंजना हे सगळं मोबाइलवर टिपत होती. मी लंगडत तिच्याकडे गेलो. "मामाजींचं वाक्य घे. त्याच्या लगेच पुढे सरपंच हसले ते जोड. मधे काही नको."

"बासरी टाकू?"

"टाक."

मोहाच्या बुंध्याशी बसून तिनं पाच मिनिटांत केलं. मला त्या काळी दोन आठवडे लागले होते. फोन हातोहात फिरला. बाया एकमेकींना दाखवू लागल्या. "हाव, पाहा ना, म्हातारा मानूस बोलून राहिला अन् हे कसे फिदीफिदी!" एका आजोबांनी तर सरपंचांना तिथेच सुनावलं, "लाज नाई वाटत का रे?"

सरपंचांनी फोन हिसकावून पाहिला. लालेलाल झाले. "मी यायले नाई हासलो! मी मोराले हासलो! तुमी सारे इथंच तर होते!"

सगळे तिथेच होते. तरी दोन-चार जणांच्या तोंडावर शंका होती. सरपंचांनी एकेकाकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं आणि खुर्चीत बसले.

"देवाजीभाऊ," ते शेवटी म्हणाले, "तुमी तवा हासले कायले होते?"

"यायच्यामुळं." देवाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यायनं आता सांगतलं त्यात एक गोष्ट खोटी आहे. कॅमेरावाला नाई पडला. तो तर कॅमेरा धरून उभा होता, नाईतर माहा फोटू कोनं काढला? हे पडले होते. पांढरा पैजामा होता. 'हं, आता गंभीर चेहरा करा' म्हनत मांगं मांगं गेले, अन् धपकन बसले चिखलात."

वर मी कॅमेरामन घसरला असं लिहिलं आहे. ते खोडत नाही. इतकी वर्षं सगळ्यांना तसंच सांगत आलो, माफीच्या कागदावरही तसंच होतं. स्वतःचा तेवढा तुकडा मी कापून टाकला होता.

"बरोबर आहे," मी म्हणालो. "मी पडलो होतो."

आधी पार्वताबाई हसल्या. मग सगळी पाळ. देवाजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि ते हसले, माहितीपटात हसले होते तसेच, सगळे दात दाखवून. फक्त दात कमी झाले होते. सरपंचांनी खुर्चीवरून उठून तुडुमाचं लाकडी बूच काढायला त्यांनाच पुढे घातलं. मत घ्यायची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवाजी मला फाट्यावर सोडायला आले. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. पाणी पार्वताबाईंच्या बांधीत आधी सोडलं, कारण ती सगळ्यांत उंचावर आहे आणि तिथे भेगा मोठ्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. मग रस्त्याकडे पाहिलं.

"चार साल आधी आले असते, तर बायजा होती," ते म्हणाले. बायजा त्यांची बायको. "पंचायतीच्या टीव्हीवर तिनं बी पायलं होतं. मले कधी इचारलं नाई. मले वाटे, इचारलं तर सांगन. तिले वाटत असन, यायनं सांगतलं तर ऐकीन."

माझ्या धंद्यात अशा बोलण्यानंतर तलावावरून उडणारे बगळे दाखवतात. मला काहीच दाखवता येत नव्हतं. एसटी आली.

पुण्याला पोचल्यावर पहिलं काम म्हणून मी त्या माहितीपटाखाली चार ओळींची दुरुस्ती लिहिली, स्वतःच्या पडण्यासकट. आता येईल तो वाचेल. बायजाबाईंनी तो माहितीपट एकदाच पाहिला होता, आणि त्याखाली तेव्हा काहीच लिहिलेलं नव्हतं.