दाराजवळचा पावणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही: माझ्या बायकोबरोबर दोन महिने मोबाईलवर खेळणारा अनोळखी माणूस मीच होतो.

मुलगी लग्न होऊन गेली आणि कसबा बावड्याच्या घरात आम्ही दोघंच उरलो. मला शर्यतीचे खेळ आवडतात. गाडी दामटायची, पुढच्याला मागं टाकायचं. तिचा खेळ वेगळा. एका बेटावर दोघांनी फिरायचं, शिंपले वेचायचे, आणि दोन दगडांवर दोघं एकाच वेळी उभे राहिले की दार उघडतं. आम्ही दोघं खेळायला बसलो की ती वाटेतली फुलं बघत यायची. मी केव्हाचा दगडावर. ओरडलो कधीच नाही, मोबाईल पालथा ठेवून पेपर उघडायचो. एकदा तिच्या भावासमोर हसत म्हणालो, "हिच्याबरोबर खेळणं म्हंजे म्हशीमागनं चालणं हाय." तो हसला. तीही हसली. नंतर तिनं मला कधी खेळायला बोलावलं नाही.

तिच्या मोबाईलवर ती एकटीच त्या दाराशी उभी दिसायची. चुकलो म्हणायची मला सवय नाही. म्हणून शाहूपुरीतल्या माझ्या विजेच्या सामानाच्या दुकानात बसून, दुपारी, दुसरंच नाव घेऊन मी तिच्या बेटावर गेलो. तिनं लिहिलं, "या पावणं."

मी दगडावर थांबलो. रोज थांबायला लागलो. घरी जेवताना ती सांगायची, एक भला माणूस भेटलाय, अजिबात घाई करत नाही. मी मान खाली घालून भाकरी मोडायचो. त्या माणसाचा मला हेवा वाटायचा.

मग एका दुपारी तिनं लिहिलं, "आमच्या मालकांना माझ्यासंगं खेळायची लाज वाटती. चिडलं असतं तर बरं झालं असतं, पावणं. ते गप्प बसत्यात."

समोरच्या गिऱ्हाइकाला बल्ब द्यायचा राहून गेला. उत्तर न देता मी ते नावच बंद करून टाकलं.

चार-पाच दिवस तिनं वाट पाहिली. मग चहा गाळता गाळता मला विचारलं, "खेळणारं माणूस एकदम यायचं बंद झालं, तर काय झालं असंल ओ?"

ओठांवर आलं होतं. पण म्हणालो, "कंटाळला असंल."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्यासंगं कुणीबी कंटाळतंयच की."

आता ती खेळत नाही. दुपारी मी घरी असलो तर दिसतं, ती बेट उघडते, दाराशी जाते, बंद करते. सांगायला म्हणून तीनदा तिच्याजवळ बसलो आणि उठलो. सांगितलं तर तिच्यासाठी थांबणारा तो एकच माणूस, तोही मी निघणार. नाही सांगितलं तर तोही तिला कंटाळून गेला, हेच ती धरून बसणार. काय करू, खरंच कळत नाही.

एवढं कळतं की मी तिला एक वाक्य देणं लागतो. पावणा कंटाळला नव्हता, पळाला होता, आणि तो मी होतो. ते मी अजून दिलेलं नाही.