चार कड्यांची खुर्ची

ब्याऐंशी-त्र्याऐंशीची गोष्ट असेल. जंगलातल्या जुन्या सरकारी बंगल्याचं मोडकं सामान लिलावात निघालं. त्यातली काळ्या रंगानं माखलेली एक लांबट खुर्ची मी बैलगाडीत घालून सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी आणली. बाबांना दमा होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून धानाच्या पोत्याला टेकून ते डुलक्या काढत. एक रात्र तरी त्यांना नीट झोप लागावी, एवढंच मला हवं होतं.

खुर्ची कसली, कोडंच ते. पाठीमागे दाते कापलेली पट्टी, बैठकीखाली अडकून बसलेली आणखी एक चौकट. जो येई तो अक्कल पाजळून जाई. कुणी म्हणे न्हाव्याची खुर्ची, कुणी म्हणे बाळंतिणीची. काचेच्या तुकड्यानं रंग खरवडला, तर आत अस्सल सागवान. गंजलेले स्क्रू रॉकेलनं सैल केले, पितळी बिजागऱ्या चिंचेनं घासल्या. एका दुपारी खालची चौकट सुळकन पुढे आली आणि पाठ एकेका दात्यावर मागे झुकली. खुर्चीचा पलंग झाला! शिवाय पाठ हवी तेवढी उभी ठेवता येत होती. मी एकटाच खुळ्यासारखा हसलो. मग नवा वेत विणून घेतला, लाकडाला जवसाचं तेल पाजलं. दोन्ही बाजूंच्या चार लोखंडी कड्या तेवढ्या कशाला, ते कळेना. मच्छरदाणीच्या असतील म्हणून त्याही चकाकवल्या.

"बाबा, बसून पाहा."

त्यांनी एका कडीत बोट घातलं आणि हात मागे घेतला.

"याच्यात बांबू जाते. साहेबाले या बंगल्यातून त्या बंगल्यात न्यावं लागे. गावातून चार जण वेठीले धरत. तो झोपून जाये, आमी चालत राहू. मी नाई बसत याच्यात."

त्यांच्या उजव्या खांद्यावरची गाठ मी लहानपणापासून पाहत आलो होतो. धानाचे भारे वाहून झाली असेल, असंच वाटायचं.

"कड्या काढून टाकतो," मी म्हणालो.

"अन् खांदा?"

मला रागच आला. इतकं खपून शेवटी खुर्ची कोपऱ्यात पडली आणि बाबा पोत्यालाच टेकलेले.

श्रावणात नाला चढला आणि त्यांचा दमही. गावात गाडी येईना. आमच्याकडे दुखणाईताला बाजेवर घालून सडकेपर्यंत नेतात, पण बाजेवर आडवं करताच बाबा काळेनिळे पडले. मग खुर्चीच काढली. नाही म्हणायला त्यांच्यात दम उरला नव्हता. कड्यांतून बांबू घातले आणि शेजारचे तिघे न् मी, आम्ही चौघांनी उचललं.

ते झोपले नाहीत. चढ आला की वरून घोगरा आवाज येई, "थांबा रे. खांदा बदला." आम्ही थांबायचो, बदलायचो. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, पण बांबूच्या पुढच्या टोकाखाली मी असल्यानं त्यांना ती दिसली नाही.

सडक जवळ आली तसा आवाज बंद झाला. मला वाटलं, लागली एकदाची झोप. खुर्ची खाली टेकवली, तेव्हा ते गेलेले होते.

तसंच त्यांना घेऊन माघारी फिरलो. परतीच्या वाटेवर कुणीच खांदा बदलला नाही.