पाक आला

१९९९ साली मी त्रेसष्ट वर्षांचा होतो. आमच्या देवळालीच्या शाळेत तेव्हा इंग्रजीच्या एक बाई होत्या. सुतार पेन्सिल ठेवतो तसा त्या कानावर खडू ठेवायच्या. मूल अडखळलं की म्हणायच्या, “चूक असू दे, पण मोठ्यानं.” अशा बाई तुम्हीही कुठं पाहिल्या असतील. आमच्या मात्र पुढं नगरला गेल्या.

त्यांचं म्हणणं, पोरांनी परक्या राजाराणीच्या गोष्टी कशाला घोकायच्या? आपल्या गावाचीच इंग्रजीत सांगावी. शाळेत कॉम्प्युटर एकच. पोरं त्यावर चित्रं काढायची, माईकवर बोलायची, मग चित्र दिसलं की त्याच्याबरोबर आवाज निघायचा. माझ्या नातीनं आमचं गुऱ्हाळ निवडलं.

मी तिसरी नापास; पण गुळव्या म्हणून पंचक्रोशीत नाव. बाई वही घेऊन आल्या. उकळत्या रसाचा पाक झाला हे ओळखायचं कसं, चारदा विचारलं.

मी म्हणालो, “बाई, माझ्या बापानं बारा वर्सं चुलवानात पाचट घालायला लावलं, मंग पाक दावला. इचारून येत न्हाई ते.”

“बारा वर्षांची रजा मला कोण देणार, आजोबा?” म्हणाल्या, आणि मी उभं केलं तिथंच, रस उकळायच्या काहिलीपासून दहा हातांवर, हसत उभ्या राहिल्या.

मग शाळा समितीपुढं कार्यक्रम झाला. पसंत पडला तर कॉम्प्युटर वर्गात राहणार, नाहीतर ऑफिसात जाणार. नातीचा आवाज खणखणीत निघाला आणि मंडळी पोट धरून हसायला लागली. मला काही कळेना. शेजारच्यानं सांगितलं. ‘पाक आला की आजोबा गप्प होतात’ हे वाक्य पोरीनं त्याच दिवशी, बाईंना न दाखवता घुसवलं होतं. पेपरातल्या बातम्यांत पाक म्हणजे पाकिस्तान, म्हणून इंग्रजीतही पाकिस्तानच आलेला.

अध्यक्ष काही हसले नाहीत. “हेच शिकवता का?”

“चूक माझी,” बाई म्हणाल्या. “पाक म्हणजे काय, ते मीच नीट विचारलं नाही.”

मी मागच्या बाकावर होतो. तोंड उघडलं नाही. अध्यक्षांनी सुधारून दाखवायला आठ दिवस दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काहील चुलवाणावर चढल्याबरोबर मी नातीला पाठवून बाईंना बोलावलं. काहिलीला लागून पाट टाकला. रस दाटला तसा थेंब पाण्यात सोडला, त्याची गोळी वळली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.